लघुरेल्वेच्या इमारतींची छपरे : अल्प खर्चात व योग्य मापात

आगगाडी, रूळ, स्थानके आणि भोवतालचा प्रदेश यांची ठराविक प्रमाणात केलेली लहान प्रतिकृती म्हणजे लघुरेल्वे होय. खऱ्या स्थानकावर उतरणाऱ्या प्रवाशाला स्थानकाचे छप्पर क्वचितच नीट दिसते. त्याच्या दृष्टीसमोर असतात त्या भिंती, खिडक्या, कमानी व पाट्या. प्रतिकृतीच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटतो. प्रतिकृती मेजावर मांडलेली असते आणि पाहणारा तिच्याकडे वरून पाहतो. पुण्यात १९९८ साली सुरू झालेल्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयासारख्या ठिकाणी हा अनुभव सहज घेता येतो. तेथे प्रेक्षकाची दृष्टी प्रथम पडते ती इमारतींच्या छपरांवर. म्हणून छप्पर बेमाप असेल तर भिंतींवर घेतलेले सारे श्रम फुकट जातात.

परदेशी कारखान्यांत तयार होणारे छपरांचे साचेबंद तक्ते महाग पडतात. शिवाय ते बहुधा युरोपातील घरांच्या नमुन्यावर केलेले असल्यामुळे भारतातील स्थानकांना ते शोभतही नाहीत. तेव्हा शाळेच्या विज्ञानमंडळाने छपरे स्वतःच करावीत हे उत्तम. त्यासाठी लागणारे साहित्य, म्हणजे जुन्या लग्नपत्रिका, पुठ्ठे, खाद्यपदार्थांच्या वेष्टनातील ॲल्युमिनियम, खळ, गेरू व काजळी, बहुतेक घरांत आढळते. उणीव असते ती साहित्याची नव्हे, तर मापाची. ते माप खऱ्या छपराकडून कसे शिकावे, हे या पुस्तिकेत सांगितले आहे.

प्रमाण म्हणजे काय

प्रतिकृतीचे प्रत्येक माप मूळ वस्तूच्या मापाच्या ठराविक पटीने लहान असते. या पटीला प्रमाण म्हणतात. लघुरेल्वेत अनेक प्रमाणे रूढ आहेत. त्यांपैकी ‘एचओ’ या नावाने ओळखले जाणारे १ : ८७ हे प्रमाण जगात सर्वाधिक प्रचलित आहे. त्यात मुळातील एक फूट प्रतिकृतीत ३.५ मिलिमीटर होतो. याहून लहान अशा ‘एन’ प्रमाणात १ : १६० ही पट घेतात. येथील सर्व आकडे १ : ८७ या प्रमाणाचे आहेत. इतर प्रमाणांसाठी मूळ माप त्या त्या संख्येने भागले की पुरे.

प्रमाणाकडे दुर्लक्ष झाले म्हणजे काय होते याचे एक नेहमीचे उदाहरण पाहू. खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद सोलून काढला की आत लाटांचा थर दिसतो, आणि तो पन्हाळी पत्र्यासारखा भासतो म्हणून अनेक विद्यार्थी तोच छपरावर चिकटवतात. या पुठ्ठ्यातील दोन लाटांमधील अंतर सुमारे ८ मिलिमीटर असते. त्याला ८७ ने गुणले तर उत्तर येते सुमारे ७० सेंटिमीटर! ज्याच्या एकेका लाटेत माणूस आडवा झोपू शकेल असा पत्रा कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. खऱ्या पन्हाळी पत्र्याच्या दोन लाटांमध्ये ७६ मिलिमीटर, म्हणजे तीन इंच, अंतर असते. प्रतिकृतीत ते ०.८७ मिलिमीटर भरले पाहिजे. पुठ्ठा फुकट मिळाला हे खरे. परंतु त्याने छप्पर साधले नाही.

भारतीय स्थानकांची छपरे

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली. त्यानंतर देशभर रेल्वेचे जाळे पसरत गेले आणि हजारो लहानमोठी स्थानके उभी राहिली. स्थानिक हवामान, मिळणारी सामग्री आणि ती वाहून आणण्याचा खर्च या तीन गोष्टींवर त्यांची छपरे ठरली. त्यांतील दोन प्रकार प्रतिकृतिकाराने विशेष जाणून घ्यावेत असे आहेत.

पहिला प्रकार मंगलोरी कौलांचा. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला आणि पुढे पश्चिम किनाऱ्यावर हा धंदा भरभराटीस आला. जुनी नळीची कौले केवळ एकमेकांवर ठेवलेली असतात. वारा, माकडे व मांजरे यांच्यामुळे ती सरकतात आणि पावसाळ्यापूर्वी छप्पर शाकारावे लागते. मंगलोरी कौलाच्या कडांना खाचा व कंगोरे असतात. एका कौलाची कड दुसऱ्याच्या खाचेत बसते, त्यामुळे कौले जागची हलत नाहीत आणि एक चौरस मीटर छपराला सुमारे १५ कौले पुरतात.

दुसरा प्रकार पन्हाळी पत्र्याचा. लोखंडी पत्र्याला लाटा देण्याच्या कृतीचे एकस्व हेन्री रॉबिन्सन पामर या इंग्रज अभियंत्याने १८२९ साली घेतले. लोखंडावर जस्ताचा थर चढवण्याच्या पद्धतीचे एकस्व स्तानिस्लास सोरेल याने १८३७ साली फ्रान्समध्ये घेतले. या दोन कल्पना एकत्र आल्या आणि हलका, टिकाऊ व सहज वाहून नेता येणारा छपराचा पत्रा जगाला मिळाला. मालधक्के, गुदामे, इंजिनांच्या शेडी आणि डोंगरी मार्गांवरील स्थानके यांवर तो सर्वत्र दिसू लागला.

१९९२ पासून भारतीय रेल्वेने मीटरमापी व अरुंदमापी मार्ग मोठ्या प्रमाणावर रुंद करण्यास आरंभ केला. त्या ओघात अनेक जुन्या स्थानकांच्या जागी सपाट सिमेंटच्या इमारती आल्या. ज्या गावात जुने कौलारू स्थानक अद्याप उभे आहे, तेथील शाळेने त्याची मापात केलेली प्रतिकृती ही उद्या त्या इमारतीची एकमेव नोंद ठरण्याचा संभव आहे. मापाचा आग्रह धरावयाचा तो याकरिता.

छप्पर न चढता मोजणे

छपराचे माप घेण्यासाठी छपरावर चढण्याची मुळीच आवश्यकता नाही. तसे करू नये. रुळांवरही उतरू नये. स्थानकप्रमुखांची परवानगी घेऊन फलाटावर उभे राहावे आणि कौले मोजावीत.

मंगलोरी कौलाचे भारतीय मानकातील एक माप ४१० × २३५ मिलिमीटर आहे. शेजारच्या व वरच्या कौलांखाली काही भाग झाकला जातो. उरलेला दृश्य भाग साधारणपणे ३२ सेंटिमीटर लांब व २१ सेंटिमीटर रुंद असतो. तेव्हा वळचणीच्या ओळीतील कौलांची संख्या २१ ने गुणली की छपराची लांबी सेंटिमीटरमध्ये मिळते. आणि वळचणीपासून आढ्यापर्यंतच्या ओळी मोजल्या की उताराची लांबी काढता येते. जे कौल छप्पर झाकते, तेच त्याची मोजपट्टीही होते. कौलांची मापे कारखान्यागणिक थोडी भिन्न असतात. म्हणून आवारात सुटे कौल पडलेले असल्यास ते प्रत्यक्ष मोजून घ्यावे.

एक उदाहरण घेऊ. एका लहान स्थानकाचे दुपाखी छप्पर आहे. वळचणीच्या ओळीत ६० कौले आहेत आणि एका पाख्यावर १३ ओळी आहेत. छपराची लांबी ६० × २१ = १,२६० सेंटिमीटर, म्हणजे १२.६ मीटर झाली. उताराची लांबी काढताना वरच्या बारा ओळींचे प्रत्येकी ३२ सेंटिमीटर आणि एका संपूर्ण कौलाचे ४१ सेंटिमीटर धरावे : १२ × ३२ + ४१ = ४२५ सेंटिमीटर, म्हणजे ४.२५ मीटर.

हे उत्तर भूमितीने पडताळून पाहता येते. समजा, इमारतीची रुंदी ६ मीटर आहे आणि भिंतीच्या माथ्यापासून आढे २.२५ मीटर उंच आहे. रुंदीचा निम्मा भाग ३ मीटर. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू ३ व २.२५ असल्या तर कर्ण ३.७५ मीटर येतो. भिंतीबाहेर आलेली वळचण अर्धा मीटर धरली म्हणजे उताराची एकूण लांबी ४.२५ मीटरच भरते. अशा प्रकारे दोन निराळ्या मार्गांनी काढलेली उत्तरे जुळली तर माप विश्वसनीय समजावे.

आता दोन्ही मापे ८७ ने भागावीत. लांबी सुमारे १४५ मिलिमीटर आणि उतार सुमारे ४९ मिलिमीटर येतो. प्रतिकृतीतील प्रत्येक पाख्याचा तक्ता या मापाचा कापावयाचा. येथे नवशिक्याची एक चूक हटकून होते. तो नकाशावरील रुंदीचा निम्मा भाग घेऊन तक्ता कापतो आणि तो आढ्यापर्यंत पोहोचत नाही. उताराची लांबी ही नकाशातील रुंदीपेक्षा नेहमी अधिक असते, हे ध्यानात ठेवावे.

तक्ता आणि त्याचे वाकणे

छपराचा पाया म्हणून एक ते दीड मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा पुरतो. पाटीवहीच्या किंवा दिनदर्शिकेच्या पाठीचा पुठ्ठा या कामी चांगला. परंतु पुठ्ठ्याच्या एकाच बाजूस खळ किंवा रंग लावला की तो वाकतो. याचे कारण कागदाच्या रचनेत आहे. कागद वनस्पतींच्या सूक्ष्म तंतूंचा बनलेला असतो आणि यंत्रावर तयार होताना त्यातील बहुसंख्य तंतू एकाच दिशेने पडतात. ओलावा लागला म्हणजे तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत मात्र फुगतात. त्यामुळे कागद तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक पसरतो. ओली बाजू पसरते व कोरडी बाजू तेवढीच राहते, म्हणून पुठ्ठा वळतो.

तंतूंची दिशा ओळखण्याची कृती सोपी आहे. एकाच कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या कापाव्यात, एक कागदाच्या लांबीतून व दुसरी रुंदीतून. दोन्ही एकत्र धरून मेजाच्या कडेवरून बाहेर काढाव्यात. जी पट्टी कमी लवते तिच्यात तंतू लांबीच्या दिशेने आहेत. तंतूंची दिशा आढ्याला समांतर राहील अशा बेताने तक्ता कापावा, दोन्ही बाजूंस सारखाच कागद चिकटवावा आणि वजनाखाली रात्रभर वाळू द्यावा. आतून दर तीन सेंटिमीटरवर पुठ्ठ्याची एकेक त्रिकोणी कैची बसवावी. खऱ्या छपरातही वासे व कैच्या हेच काम करतात.

मंगलोरी कौले

वरील उदाहरणातील छपरावर प्रत्येक पाख्यावर ७८०, म्हणजे एकूण १,५६० कौले आहेत. इतकी कौले सुटी कापून चिकटवणे कोणाच्याही सहनशक्तीपलीकडचे आहे. म्हणून एकेक कौल न करता एकेक ओळ करावी.

कागदाची जाडी प्रथम ठरवावी. कौलांची एक ओळ दुसरीवर येते तेथे सुमारे दोन सेंटिमीटरची पायरी दिसते. प्रतिकृतीत ती पाव मिलिमीटरच्या आसपास होते. पुष्कळशा लग्नपत्रिकांचा कागद याच सुमाराचा असतो. जाडी मोजण्यासाठी सूक्ष्ममापक नसला तरी अडत नाही. वीस तुकडे एकावर एक दाबून ठेवावेत व फूटपट्टीने उंची मोजावी. ती ५ मिलिमीटर भरली तर एका कागदाची जाडी पाव मिलिमीटर झाली.

मग कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूस, छपराच्या लांबीच्या दिशेला काटकोनात, दर २.४ मिलिमीटरवर रेषा आखाव्यात. ही एका कौलाची रुंदी होय. शाई संपलेल्या बॉलपेनने त्या रेषा दाबून ओढाव्यात. खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा वर्तमानपत्राची घडी ठेवावी. दोन रेषांच्या मध्ये एक हलकी रेषा ओढली की कौलाच्या पृष्ठभागावरील उभ्या पन्हळीचा भास होतो. त्यानंतर कागदाच्या ५ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. पात्याचे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली व्हावे.

तक्त्यावर वळचणीपासून आढ्यापर्यंत दर ३.७ मिलिमीटरवर पेन्सिलीने रेषा काढून ठेवाव्यात. पहिली पट्टी वळचणीवर चिकटवावी, दुसरी तिच्यावर १.३ मिलिमीटर चढवावी, आणि असेच वर जावे. खालून वर जाण्याचे कारण खऱ्या छपरात पाहावे : वरच्या कौलावरून आलेले पाणी खालच्या कौलाच्या पाठीवर पडले पाहिजे. हा क्रम चुकलेले छप्पर जाणत्या गवंड्याच्या नजरेतून सुटत नाही. उभे सांधे सरळ रेषेत येतात की एकाआड एक येतात, हे मूळ इमारतीच्या छायाचित्रावरून ठरवावे.

संपूर्ण छपराला २६ पट्ट्या लागतात. त्यांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे १८९ चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे नेहमीच्या ‘ए-४’ आकाराच्या कागदाचा तिसरा हिस्साही लागत नाही. एका मोठ्या लग्नपत्रिकेत एक स्थानक सहज झाकले जाते.

आढ्यावरच्या कौलांसाठी पातळ कागदाची ५ मिलिमीटर रुंद पट्टी ओलसर करून विणकामाच्या बारीक सुईवर वळवावी व वाळू द्यावी. नंतर तिचे साडेचार मिलिमीटर लांबीचे तुकडे करून, किंचित एकमेकांवर चढवून, आढ्यावर बसवावेत.

पन्हाळी पत्रा

पन्हाळी पत्र्यासाठी कागदापेक्षा ॲल्युमिनियम चांगले. स्वयंपाकघरातील फॉइलची जाडी सुमारे ०.०१ ते ०.०२ मिलिमीटर असते. ८७ ने गुणता ती एक ते पावणेदोन मिलिमीटरच्या घरात येते. खरा पत्रा बहुधा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो, म्हणजे इतके पातळ फॉइलसुद्धा मापाने किंचित जाडच ठरते! हाताळण्यास मात्र खाद्यपदार्थांच्या ॲल्युमिनियमच्या डब्यांचे तळ अधिक सोयीचे. ते धुऊन, चमच्याच्या पाठीने घासून सपाट करावेत.

लाटा उठवण्यासाठी ५ मिलिमीटर व्यासाचा, पूर्ण लांबीभर आटे असलेला बोल्ट घ्यावा. त्याचे आटे एकमेकांपासून ०.८ मिलिमीटर अंतरावर असतात. हवे असलेले माप ०.८७ मिलिमीटर आहे. हा फरक डोळ्यांना जाणवत नाही. रबराच्या तुकड्यावर फॉइल ठेवावे, त्यावर पातळ कागद घालावा आणि लाटण्याप्रमाणे बोल्ट दाबून एकदाच फिरवावा. दुसऱ्यांदा फिरवल्यास आटे पहिल्या रेषांवर नेमके बसत नाहीत व नक्षी बिघडते.

येथे एक गंमत दिसून येते. उमटलेल्या रेषा बोल्ट फिरवण्याच्या दिशेशी नेमक्या समांतर नसतात. त्या सुमारे ३ अंशांनी तिरप्या असतात. बोल्टाचे आटे ही अलग अलग कडी नसून एकच सलग मळसूत्र आहे. बोल्ट फिरतो तेव्हा ते मळसूत्र जणू सपाट पृष्ठभागावर उलगडते व त्याचा तिरपेपणा उघड होतो. म्हणून पत्रा कापताना फॉइलच्या कडेला प्रमाण न मानता उमटलेल्या रेषांना काटकोन धरून कापावे.

खरे छप्पर एकसंध पत्र्याचे नसते. आठ फुटी पत्रा प्रतिकृतीत २८ मिलिमीटर लांब होतो आणि आठ लाटांचा पत्रा सुमारे साडेसात मिलिमीटर रुंद. या मापाचे तुकडे करून बाजूला एक-दीड लाट आणि टोकाला दीड ते दोन मिलिमीटर चढवून ते बसवावेत. वळचणीकडून आढ्याकडे हा क्रम येथेही पाळावा.

सिमेंट-ॲस्बेस्टॉसच्या जुन्या पत्र्यांचे तुकडे मात्र नमुना म्हणूनही फोडू नयेत किंवा घासू नयेत. त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते.

रंग

मंगलोरी कौलाचा तांबडा रंग त्याच्या मातीतील लोहामुळे येतो. भट्टीत त्याचे तांबडे ऑक्साइड बनते. गेरूचा रंगही त्याच ऑक्साइडाचा असतो. तेव्हा गेरूने रंगवलेले कागदी छप्पर खऱ्या कौलाच्याच रंगद्रव्याने रंगते. गेरूत थोडा गोंद, किंचित पिवडी आणि अत्यल्प काजळी मिसळावी. सर्व ओळी एकाच छटेत रंगवू नयेत. मधूनमधून एखादे कौल फिकट, एखादे गडद ठेवावे, कारण मोडक्या कौलाच्या जागी नवे बसवलेले असते. पावसाळी प्रदेशातील छपरावर शेवाळ वाळून काळसर होते, तो रंग वळचणीकडे व झाडाखालच्या बाजूस द्यावा.

पन्हाळी पत्र्याला गंज लागतो तो वाटेल तेथे नव्हे. जस्त हे लोखंडाआधी स्वतः झिजते व लोखंडाचे रक्षण करते. जेथे पाणी साचून राहते असे सांधे, खिळ्यांची भोके आणि कापलेल्या कडा येथे जस्त लवकर संपते व तेथून तांबूस ओघळ खाली उतरतात. रंगाचा कुंचला या क्रमाने फिरवला तर पत्र्याचे वय खरे वाटते.

शेवटी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचा पातळ हात आतून व बाहेरून द्यावा. त्याने ओलावा व कसर यांपासून कागदाचे रक्षण होते. स्पिरिट ज्वालाग्राही आहे. हे काम शिक्षकांसमक्ष, मोकळ्या हवेत व विस्तवापासून दूर करावे.

प्रतिकृती काय सांगते आणि काय सांगत नाही

पन्हाळी लाटांमुळे पातळ फॉइल ताठ होते, हे विद्यार्थी हाताने अनुभवतो. खऱ्या पत्र्याच्या ताठपणाचे तत्त्वही हेच आहे. तथापि कागदी छप्पर निवांत उभे राहिले म्हणून तशाच आकाराचे खरे छप्पर उभे राहील असा निष्कर्ष काढणे चूक होईल. प्रत्येक लांबी ८७ पट वाढली तर पृष्ठभाग ८७ × ८७, म्हणजे ७,५६९ पट वाढतो. पण त्याच पदार्थाचे वजन ८७ × ८७ × ८७, म्हणजे ६,५८,५०३ पट वाढते. आधार देणारे छेद वर्गाने वाढतात व भार घनाने वाढतो. या कारणास्तव प्रतिकृतीत निरुपयोगी भासणारी कैची खऱ्या इमारतीत प्राण वाचवते. प्रतिकृती आकार व रचना यांची साक्ष देते. बळाचा हिशेब निराळा मांडावा लागतो.

स्वाध्याय

१. आपल्या परिसरातील एखाद्या कौलारू इमारतीच्या वळचणीची कौले व उतारावरील ओळी जमिनीवरून मोजा. त्यावरून छपराची लांबी व उतार काढा आणि १ : ८७ प्रमाणात पाख्याचा तक्ता किती मोठा होईल ते सांगा.

२. वरील उदाहरणातील छप्पर १ : १६० प्रमाणात करावयाचे झाल्यास पट्टीची दृश्य रुंदी व दोन उभ्या रेषांमधील अंतर किती येईल?

३. कागदाची सारख्या मापाची दोन पाने घ्या. एक सपाट ठेवा व दुसऱ्याला पंख्यासारख्या घड्या घाला. दोन्ही पाने दोन पुस्तकांवर पुलासारखी ठेवून कोणते किती नाणी पेलते याची नोंद करा.

४. सिमेंटच्या पन्हाळी पत्र्यातील दोन लाटांमध्ये १४६ मिलिमीटर अंतर असते. १ : ८७ प्रमाणात हे अंतर किती होईल? त्यासाठी घरातील कोणती वस्तू साचा म्हणून वापरता येईल, याचा शोध घ्या.